काकांकडे अडकलेलं डिपॉझिट

पत्र (थोडक्यात) :

ताई, मी मूळची लातूरची, पुण्यात नोकरी करते. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी कर्वेनगरमधल्या एका टू बीएचके फ्लॅटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलो. भाडं ३०,०००, डिपॉझिट ९०,०००. घरमालक काका-काकू त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. पहिले दोन करार अकरा-अकरा महिन्यांचे, रजिस्टर केलेले. नंतर काका म्हणाले, "कशाला परत एजंटला पैसे घालायचे? राहा तुम्ही." त्यामुळे शेवटचे चौदा महिने करारच नव्हता. महिन्याची नोटीस देऊन आम्ही ३१ मार्चला घर सोडलं. तेव्हापासून काका म्हणत होते, "नवीन भाडेकरू येऊ दे, मग बघू." मे महिन्यात नवीन कुटुंब राहायलाही आलं. आता जून संपत आला आणि काका फोनवर म्हणतात की रंगाचे ४०,०००, साफसफाईचे ६,०००, किरकोळ दुरुस्तीचे ९,००० गेले, ३५,००० घेऊन जा. माझ्या खोलीत लाइटची माळ लावायला चिकटवलेल्या टेपने भिंतीचे पापुद्रे निघाले आणि वॉशबेसिनला आमच्याकडून तडा गेला, हे खरं आहे. बाकी घर आम्ही जपून वापरलं. पण मला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अकराला काकांनीच मला हॉस्पिटलमध्ये नेलं, काकू चार दिवस डबा पाठवत होत्या. त्यांच्याशी पैशांवरून कसं भांडू? आई म्हणते सोडून दे. ऑफिसमधला मित्र म्हणतो पोलिसांत जा, शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नव्हतं. एक मैत्रीण म्हणते मिळतात तेवढे घेऊन मोकळं होऊ. आणि करारच नव्हता, म्हणजे आमचा हक्क उरलाय का, हेही कळत नाही.

उत्तर :

तुमच्या पूर्ण पत्रात डेंग्यूच्या त्या रात्रीवर एक अख्खा परिच्छेद आहे आणि ५५,००० रुपयांच्या कपातीवर दीड ओळ. तुमची अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. काका-काकूंनी केलं ते मनापासून केलं आणि त्याबद्दल तुमच्या मनात जी कृतज्ञता आहे ती तशीच राहू द्या. पण विचार करा, काका तुम्हाला असं कधी म्हणाले का, की "मी तुला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, म्हणून डिपॉझिट कमी देतो"? नाही म्हणाले. म्हणणारही नाहीत, त्यांनाच ते लाजिरवाणं वाटेल. मग ही कपात त्यांच्या वतीने तुम्हीच करताय. काकूंच्या डब्याची परतफेड करायची असेल तर दिवाळीला फराळ घेऊन जा, त्यांच्या आजारपणात धावून जा. घराचा हिशोब घराचा म्हणून वेगळा होऊ द्या.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. या ९०,००० मधले तुमचे फक्त ३०,००० आहेत. बाकीचे ६०,००० दोन मैत्रिणींचे. आईचा सल्ला मायेचा आहे, आणि तुमच्या वाट्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवू शकता. पण तुमच्या संकोचापोटी मैत्रिणींचे पैसे सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तिघींनी एकदा बसून बोला. जी "मिळतात तेवढे घेऊ" म्हणते, तिला खरंच परवडतंय म्हणून म्हणते की वाद नको म्हणून, हे तिला मोकळेपणाने विचारा. अशा वेळी तिघींपैकी एकीचं म्हणणं गप्प बसून मान्य केलं जातं आणि पुढे तिघींच्या मैत्रीत त्याची अढी राहते.

आता पैशांचं. डिपॉझिट तुमचं आहे, काकांकडे ते सांभाळायला दिलेलं आहे. थकलेलं भाडं, न भरलेलं लाइट बिल, तुम्ही केलेलं नुकसान, एवढ्यासाठी त्यातून कापता येतं, आणि जो कापतो त्याने ते दाखवायचं असतं. तुम्ही आत्तापर्यंत "आमचे पैसे परत का द्यावेत" हे काकांना पटवत बसला आहात. प्रश्न उलटा हवा : "काका, हे ५५,००० कशाचे, जरा बिलं दाखवता का?" हा प्रश्न अगदी नम्र आवाजात विचारता येतो आणि त्याला भांडण म्हणत नाहीत. "नवीन भाडेकरू आल्यावर" ही अटही तुमच्या जुन्या करारात आहे का, पाहा. आपल्याकडच्या बहुतेक लीव्ह अँड लायसन्स करारांत (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची फक्त परवानगी देणाऱ्या करारांत) डिपॉझिट बिनव्याजी असतं आणि घराचा ताबा परत देताना ते परत करायचं असतं. पुढच्या माणसाचं डिपॉझिट आल्यावर मागच्याचं फेडायचं, ही मालकांची सोय आहे, तुमच्यावर ती बंधनकारक नाही. आणि आता तर भाडेकरूही आला.

करार नसल्याची भीती मात्र पूर्ण काढून टाका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सने द्यायचं तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तुमची नाही. असा नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध केलं नाही तर. म्हणजे शेवटच्या चौदा महिन्यांत कागद नव्हता याने तुमची बाजू पडत नाही, उलट थोडी बळकटच होते. करार न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते आहे, काकांना ऐकवण्यासाठी नाही. सत्तरीच्या माणसाला तुरुंगाचं नाव काढून पैसे मागितले, तर पैसे मिळतील की नाही माहीत नाही, पण पुन्हा त्या जिन्यात तुमचं पाऊल पडणार नाही. शिवाय राहिलात तुम्हीही तशाच, एजंटचे पैसे तुमचेही वाचले होते.

आणि ९०,००० दिल्याचा पुरावा? तो तुमच्या बँकेच्या खात्यात आहे. तीन वर्षांपूर्वीची ती ट्रान्सफरची नोंद शोधा, स्टेटमेंट काढून ठेवा. पहिल्या दोन करारांत डिपॉझिटचा आकडा लिहिलेला असेलच. तोच आकडा पुढे चालू राहिला, मध्ये परत मिळाला नाही, एवढं पुरेसं आहे.

रंगाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण मला येणाऱ्या डिपॉझिटच्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त पैसे रंगातच जातात. तीन वर्षांत भिंत मळते. सोफ्याच्या पाठीमागे डोकं टेकून टेकून तेलकट पट्टा उठतो, स्विचबोर्डाभोवती बोटांचे काळपट डाग पडतात, कॅलेंडर काढलं की त्याखालचा चौकोन उजळ दिसतो, फोडणीच्या वाफेने ओट्यावरचं छत पिवळं पडतं. घरात माणसं राहिली की हे होतंच. त्याला झीज म्हणतात आणि झिजेचे पैसे तुम्ही दर महिन्याच्या ३०,००० मध्ये देऊन झालात. तीन वर्षांत १०,८०,००० रुपये भाडं गेलं तुमच्याकडून. पुढच्या भाडेकरूला घर चकचकीत दाखवायचं म्हणून मालक रंग काढतो, तो त्याच्या मिळकतीवरचा त्याचा खर्च. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये कलम १०८ खाली भाडेपट्ट्याबद्दल हेच सांगितलं आहे : भाडेकरूने घर घेतलं त्या स्थितीत परत द्यावं, साधारण झीज आणि न टाळता येणारी आपत्ती वगळून. लीव्ह अँड लायसन्स हा कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं तुम्हाला लावता येणार नाही. पण बऱ्याच करारांत "सर्वसाधारण झीज वगळून" हे शब्द असतात. तुमच्या दुसऱ्या कराराची प्रत उघडा आणि ते वाक्य शोधा.

त्याच वेळी आणखी एक वाक्य शोधा. "घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं काही लिहिलंय का? हल्ली काही करारांत एजंट हे घालतात. तसं असेल आणि तुम्ही त्यावर सही केली असेल, तर तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं लंगडं पडेल, हे मी लपवत नाही. तरीही एक महिन्याचं भाडं म्हणजे ३०,०००, आणि काका मागताहेत ४०,०००.

आता तुमच्या खोलीची ती भिंत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ओढली की रंगच काय, खालची पुट्टीही पापुद्र्यासकट निघते आणि खाली पांढरा गिलावा दिसतो. ही झीज नव्हे, हे नुकसान आहे आणि ते तुमचं आहे. तुम्ही ते पत्रात आपणहून लिहिलंत, काकांनाही तसंच आपणहून सांगा. वॉशबेसिनचंही तसंच. पण एका भिंतीचा पापुद्रा निघाला म्हणून अख्ख्या घराचा रंग तुमच्या डोक्यावर बसत नाही. ओळखीच्या रंगाऱ्याला विचारा, एका भिंतीला पुट्टी मारून दोन हात द्यायला किती घेशील. प्लंबरला विचारा, त्याच मापाचं साधं बेसिन बसवून किती होतील. दोघांचे आकडे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. समजा दोन्ही मिळून ८,००० झाले, तर ते आपणहून देऊ करा.

साफसफाईचे ६,००० आणि "किरकोळ दुरुस्ती" ९,००० यावर मी आत्ता मत देत नाही, कारण ते कशाचे आहेत हेच कळलेलं नाही. घर झाडून-पुसून, फ्रिज-ओटा धुऊन दिला असेल तर सहा हजार कशाचे? आणि दुरुस्तीत गीझरची कॉइल असेल, तर पुण्यात उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं त्याने ती जातेच. किचन ट्रॉलीचे चॅनेल ओलाव्याने गंजतात. ही वस्तूच्या वयाची दुखणी. याउलट ट्रॉलीचं दार तुमच्याकडून मोडलं असेल तर ते तुमचं. म्हणून प्रत्येक रकमेपुढे वस्तू, फोटो आणि बिल मागा. ज्याचं बिल आहे आणि जे तुमच्या हातून झालंय ते मान्य करा.

काकांच्या बाजूनेही एकदा बघू. मला ते लबाड वाटत नाहीत, निदान तुमच्या पत्रावरून तरी नाही. निवृत्त माणसाच्या हातात ९०,००० येतात आणि ते वेगळे ठेवायचे असतात हे माहीत असूनही मध्येच कुणाचं ऑपरेशन निघतं, बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग निघतं, पैसे खर्च होतात. मग परत द्यायची वेळ आली की "पैसे नाहीत" म्हणायची लाज वाटते आणि रंगाचं निमित्त सापडतं. मे महिन्यात नवीन कुटुंबाचं डिपॉझिट आलं असणार, तेही कुठे तरी गेलं असेल. हा माझा तर्क आहे, चुकीचा असू शकतो. पण खरा असेल तर काकांना वाट करून द्या : "एकदम जमत नसेल तर तीन हप्त्यांत द्या, पण तारखा ठरवून." आणि त्या तारखांचे चेक मागा. तोंडी शब्दापेक्षा चेक फार वेगळा. तो त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा. वटला नाही, तर तसं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकबद्दलच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली तक्रार करता येते. तिथवर जायची वेळ बहुधा येतच नाही, चेक दिलेला माणूस पैशाची तजवीज करतो.

ऑफिसमधल्या मित्राच्या सल्ल्यांबद्दल. डिपॉझिट न देणं ही दिवाणी बाब आहे. चौकीत गेलात तर फार तर अदखलपात्र नोंद होईल आणि तुम्हाला कोर्टात जा म्हणून सांगतील. शेवटचे तीन महिने भाडं डिपॉझिटमधून वळतं करणं पुण्या-मुंबईत सर्रास चालतं आणि मालकाने लेखी हो म्हटलं असेल तर ती सगळ्यात सोपी वाट आहे. पण त्याच्या संमतीशिवाय भाडं थांबवलं तर करार तुम्ही मोडलात असं होतं, आणि मग झालेल्या नुकसानीसाठीही त्याच्या हातात काही उरत नाही, म्हणून तोही चिडतो. काही जण म्हणतात, "पैसे मिळेपर्यंत चावीच देऊ नका." हे तर मुळीच करू नका. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते, त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली. तुम्ही वेळेवर चाव्या दिल्यात ते उत्तम केलंत. "दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा" असाही एक मेसेज फिरतो. तो २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यावरून आला आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. त्याचा आधार घेऊन काकांशी वाद घालू नका.

मग करायचं काय? आधी कागद एका जागी आणा : दोन्ही करार, डिपॉझिटची ट्रान्सफर, नोटीस दिल्याचा मेसेज, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि लाइट बिल भरल्याची पावती, चाव्या दिल्या त्या दिवशीचं काकांशी झालेलं चॅट, टेम्पोवाल्याला पैसे पाठवल्याची नोंद, सोसायटीच्या गेटवरची एंट्री. घर सोडताना काढलेले फोटो असतील तर मूळ फोनमध्येच राहू द्या, फॉरवर्ड केलेल्या फोटोवरची तारीख हरवते. तिघींच्याही फोनमध्ये शोधा. भिंतीसमोर काढलेला वाढदिवसाचा सेल्फीसुद्धा भिंतीची अवस्था दाखवतो.

मग रविवारी सकाळी काकांकडे जा. फोनवर नको. तिघी जाऊ शकलात तर उत्तम, नाही तर दोघी. एकट्या जाऊ नका, कारण काकूंनी चहा पुढे केला की तुम्ही विषय काढणार नाही, हे तुमचं पत्र वाचून कळतं. चहा घ्या, चौकशी करा, आणि मग कागद काढा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हा मेसेज पाठवून ठेवा, म्हणजे त्यांनाही तयारी करता येईल आणि तुमच्याकडेही लेखी राहील :

"काका, नमस्कार. उद्या सकाळी अकराच्या सुमारास डिपॉझिटच्या हिशोबासाठी येतो आहोत. आम्ही ३१ मार्चला फ्लॅट रिकामा करून चाव्या तुमच्याकडे दिल्या, भाडं आणि लाइट बिल पूर्ण भरलं आहे. डिपॉझिटचे ९०,००० रुपये तुमच्याकडे आहेत. माझ्या खोलीतली टेपने खराब झालेली भिंत आणि बेसिनचा तडा ही आमची जबाबदारी, त्याचे ८,००० रुपये जरूर कापून घ्या. बाकी ८२,००० रुपये १५ जुलैपर्यंत माझ्या नेहमीच्या खात्यावर पाठवावेत ही विनंती. घराला पूर्ण रंग देण्याचा खर्च तीन वर्षांच्या वापरानंतर आमच्याकडे लागत नाही असं आम्हाला वाटतं. आणखी काही कापायचं असेल तर त्याचं बिल आणि फोटो दाखवा, आम्ही तिघी बघून लगेच कळवू. काकूंना नमस्कार."

यात धमकी नाही, वकील नाही, कलम नाही. पण रक्कम आहे, तारीख आहे, खातं आहे, आणि तुम्ही जे मान्य करता तेही आहे. पुढे प्रकरण वाढलं तर हा मेसेज वाचणाऱ्या तिऱ्हाईतालाही कोण सरळ वागलं ते दिसेल.

काकांनी ऐकलं नाही तर मध्ये कुणाला तरी घाला. सोसायटीचे सेक्रेटरी, तो करार करून देणारा एजंट, किंवा काकांचा मुलगा असेल तर तो. वडील काय करताहेत हे मुलांना बऱ्याचदा ठाऊकच नसतं आणि कळलं की तेच मिटवून टाकतात. १५ जुलै उलटली की हाच मजकूर पत्राच्या रूपात, तिघींच्या सह्यांनी, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. त्यानंतर वकिलाची नोटीस. नोटिशीचा खर्च किती ते आधीच विचारून घ्या.

त्याच्याही पुढे जायचं तर थेट दावा लावण्याआधी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही, दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवतात, आणि तिथे झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. हरकत एवढीच, की काका आलेच नाहीत किंवा तयार झाले नाहीत तर तिथे काही होत नाही. तुम्ही तिघी स्त्रिया आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तुम्हाला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. १५१०० या हेल्पलाइनवर चौकशी करता येते. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून आज घाबरून धावायचं कारण नाही, पण "बघू, बघू" म्हणत वर्षं घालवू नका. एवढ्या रकमेसाठी दावा लावा असं मी चटकन सांगणार नाही. तारखांना सुट्ट्या जातात, मनस्तापही होतो. माझ्या अनुभवात लेखी पत्र आणि मध्यस्थ, या दोन पायऱ्यांवरच बहुतेक प्रकरणं मिटतात. लोक तोंडी फोनवरच महिने घालवतात आणि मग एकदम कोर्टाचं बोलतात, मधल्या पायऱ्या चढतच नाहीत.

तडजोड कुठपर्यंत करावी? ३५,००० वर मुळीच नाही. काकांनी खरी बिलं दाखवली, रंगातला थोडा वाटा तुम्ही समजुतीने उचललात, आणि ७५,००० च्या आसपास हातात आले, तर मी घ्या म्हणेन. तेवढ्यावर तिघींनी एकमताने आधीच यायला हवं, काकांच्या दिवाणखान्यात एकमेकींकडे बघून ठरवायचं नाही. अर्धवट रक्कम मिळाली तर ती घ्यायला हरकत नाही, पण "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" असं लिहून देऊ नका. "डिपॉझिटपैकी अमुक रक्कम मिळाली, उरलेली अमुक येणे बाकी" असं लिहा.

ज्यांची घरं बदलायची आहेत अशांसाठी काही गोष्टी इथेच सांगते, कारण असं पत्र आलं की त्यामागे तीच अडचण असलेले आणखी कितीतरी जण असतात. घरात सामान टाकण्याआधी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा : प्रत्येक भिंत, नळ सोडून, गीझर लावून, ट्रॉली उघडून, छताच्या ओलीसकट, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. करारात फर्निचर आणि उपकरणांची यादी जोडलेली असते ती एजंटने भरली म्हणून सही करू नका. पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालू की बंद, हे बघून भरा. डिपॉझिटचा आकडा खरा लिहून घ्या. काही मालक तो कमी दाखवायला सांगतात, कारण स्टँप ड्युटी काढताना डिपॉझिटवर दहा टक्के व्याज गृहीत धरून तेही मोजलं जातं. पण ड्युटी आहे एकूण रकमेच्या पाव टक्का. त्यातले वाचतात शेकड्यांत आणि अडकतात हजारांत. डिपॉझिट रोखीत देऊ नका, आणि द्यावंच लागलं तर सहीची पावती घ्या. मुंबईत भाड्याऐवजी हेवी डिपॉझिट म्हणून काही लाख एकदम देतात, त्यांनी तर नोंदणीकृत कराराशिवाय एक रुपयाही पुढे करू नये. करार करताना मालकाला दोन वाक्यं घालायला सांगा : घराचा ताबा दिल्यापासून इतक्या दिवसांत डिपॉझिट परत, आणि सर्वसाधारण झिजेपोटी कपात नाही. मालक तयार होतात, फक्त कुणी मागत नाही. करार दर वेळी नवा करा. मालकच "कशाला?" म्हणत असेल तर अर्धा खर्च आम्ही देतो म्हणा. आणि घर सोडण्याच्या आठवडाभर आधी मालकाला घर दाखवून काय काय कापणार ते तिथेच विचारा, म्हणजे भिंत स्वतः रंगवून देण्याइतका वेळ तुमच्या हातात असतो.

तुमच्याकडे तो वेळ आता नाही, पण एक करता येईल. रंगाऱ्याचा आणि प्लंबरचा आकडा शनिवारपर्यंत काढा, ८,००० च्या जागी तो घाला, आणि मेसेज पाठवण्याआधी दोघी मैत्रिणींना वाचायला द्या. पैसे तुमच्या खात्यावर आले की त्याच दिवशी त्यांचे हिस्से त्यांना पाठवा. भिंत तुमच्या खोलीची होती, त्यामुळे तिचा खर्च तुमच्या एकट्याच्या वाट्यातून जाईल, बेसिनचा तिघींच्या, हेही आधीच बोलून घ्या.